अनसबस्क्राइब केलं तरी मेल आणि पत्रं येतच राहतात? आधी ती कोणत्या वाटेने येतात ते पाहा

महिन्याभरापूर्वी ज्या कंपनीचं ‘अनसबस्क्राइब’ दाबलं, तिचाच मेल आज पुन्हा इनबॉक्समध्ये. डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन-संदेश नकोत अशी मोबाइल नोंदणी, लावलेलं असूनही गृहकर्जाचे एसएमएस सुरूच. वर्गणी कधीच बंद केलेल्या संस्थेचा अंक अजून दर महिन्याला टपालपेटीत. या तक्रारींवर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: ब्लॉक करा. ब्लॉक केल्यावर मेल नजरेआड जातो, पण तुमचं नाव यादीत तसंच राहतं. ती यादी उद्या दुसऱ्या पत्त्यावरून वापरली की पुन्हा तोच त्रास सुरू होतो.

नको असलेलं पत्र तुमच्यापर्यंत येण्याच्या वाटा मुळात चारच. एक, तुम्ही कधीतरी संमती दिलेली असते, बहुतेक वेळा बिल करताना किंवा अ‍ॅप घेताना. दोन, तुम्ही ग्राहक, भागधारक किंवा सभासद आहात आणि काही पत्रं पाठवणं समोरच्यावर बंधनकारक आहे. तीन, दुसऱ्या कुणीतरी स्वतःचा म्हणून तुमचा पत्ता दिला आहे. चार, तुमचा पत्ता विकत घेतलेल्या किंवा फुटलेल्या यादीत आहे. पहिल्या वाटेवर अनसबस्क्राइब चालतं, चौथ्या वाटेवर ते घातक ठरतं, दुसरीवर अर्धंच चालतं आणि तिसरीवर त्याचा जवळजवळ उपयोग नसतो. म्हणून आधी वाट ओळखायची, मग बटण दाबायचं.

मेल उघडल्यावर काय तपासायचं

जीमेल संगणकावर उघडा. फोनच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारे नियम, तयार करता येत नाहीत, त्यामुळे हे काम एकदा संगणकावर बसून केलेलं बरं. पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘टू मी’च्या शेजारी एक लहान बाण असतो, तो दाबला की मेलचा तपशील उघडतो. त्यात तीन ओळी नीट वाचा.

पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता: दिसणारं नाव काहीही ठेवता येतं, त्यामुळे ‘@’च्या पुढचा भागच खरा. मेल कोणत्या पत्त्यावर आला: तुमचा जुना पत्ता या खात्याकडे फॉरवर्ड होत असेल तर तो इथे दिसेल, आणि पुढे ही ओळ फार कामाला येते. तिसरी ओळ ‘साइन्ड-बाय’: तिथे कंपनीचं स्वतःचं डोमेन (पत्त्यातला ‘@’च्या पुढचा भाग) असेल तर मेल खरोखर त्याच डोमेनवरून आलेला आहे. अर्थात, फसवणारेसुद्धा स्वतःचं डोमेन घेऊन त्यावर नीट सही लावतात. त्यामुळे डोमेनचं स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

ओळखीची कंपनी आणि बरोबर डोमेन असेल तर अनसबस्क्राइब करा. नाव कधी ऐकलेलं नाही, डोमेन विचित्र आहे, सही नाही, अशा वेळी मेलमधल्या कोणत्याही दुव्याला हात लावू नका, ‘अनसबस्क्राइब’लाही नाही. त्या दुव्यात बहुतेक वेळा तुमच्या पत्त्याशी जोडलेला खुणेचा क्रमांक असतो. तो दाबला की हा पत्ता चालू आहे आणि इथे माणूस मेल वाचतो, हे पाठवणाऱ्याला कळतं. असा तपासलेला पत्ता यादीविक्रेत्यांकडे जास्त किमतीचा. सरळ ‘रिपोर्ट स्पॅम’ करा.

ओळखीच्या कंपनीच्या मेलमध्येही अनसबस्क्राइबचा दुवा भलत्याच डोमेनकडे नेतो, हे पाहून अनेक जण घाबरतात. बहुतेक कंपन्या प्रचाराचे मेल स्वतः पाठवत नाहीत, त्यासाठीच्या सेवा वापरतात आणि दुवा त्या सेवेचा असतो. तेवढ्यावरून मेल खोटा ठरत नाही. शंका असेल तर मेलमधला दुवा सोडून जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दाखवतं ते बटण वापरा.

अनसबस्क्राइब का फसतं

जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याने प्रचाराच्या मेलमध्ये एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय द्यायची आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणायची. नावाशेजारचं बटण याच सोयीवर चालतं. जुलै २०२५ पासून जीमेलच्या डाव्या पट्टीत ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ असं स्वतंत्र पानही आलं आहे. तिथे कोण किती मेल पाठवतं याची यादी एकत्र दिसते. साफसफाई तिथूनच सुरू करा, सगळ्यात जास्त पाठवणारा वर असतो.

इतकं असूनही मेल येत राहिले तर पुढच्या कारणांपैकी एखादं लागू असतं.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे याद्या अनेक असतात. ऑफरची वेगळी, बातमीपत्राची वेगळी, सर्वेक्षणाची वेगळी, ‘टोपलीत वस्तू राहिली’ ही आठवण वेगळी. तुम्ही बाहेर पडलात ते एकाच यादीतून. मेलच्या तळाशी ‘प्रेफरन्सेस’ किंवा ‘मॅनेज’ असा दुवा असेल तर तो उघडा आणि ‘सर्व मेल बंद’ असा पर्याय शोधा. तो बहुधा पानाच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात असतो.

दुसरं कारण म्हणजे समूहातल्या निरनिराळ्या कंपन्या. बँक, तिची विमा कंपनी, म्युच्युअल फंड आणि ब्रोकिंग कंपनी यांचं बोधचिन्ह एकसारखं दिसतं, पण कायद्याने त्या वेगळ्या आहेत आणि याद्याही वेगळ्या ठेवतात. प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं.

तिसरं कारण पटकन लक्षात येत नाही. काही ठिकाणी नावाशेजारचं बटण दाबलं की जीमेल तुमच्या वतीने कंपनीला एक मेल पाठवतं आणि तो तुमच्या आत्ताच्या पत्त्यावरून जातो. मूळ मेल मात्र जुन्या पत्त्यावर येऊन इकडे फॉरवर्ड झालेला असतो. कंपनीच्या यादीत आत्ताचा पत्ता नसतोच, त्यामुळे विनंती वाया जाते आणि जुन्या पत्त्यावरचे मेल चालू राहतात. तपशिलातली ‘टू’ची ओळ तपासायची ती यासाठी. अशा वेळी जुन्या खात्यात शिरून तिथून अनसबस्क्राइब करा.

चौथं, मेल आधीच रांगेत लावलेले असतात. आठवड्याभराची मोहीम शुक्रवारीच ठरली असेल तर तुमचं नाव सोमवारी निघालं तरी एखाद-दुसरा मेल येतो. दहा दिवस थांबा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण पुढे तक्रार केलीत तर ती लागते.

पाचवं, तुम्हीच नकळत परत आत जाता. पुन्हा खरेदी केली, पैसे भरायच्या पानावर ‘ऑफर कळवा’ची चौकट आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती, संमती नव्याने नोंदली गेली. ग्राहकांना फसवणाऱ्या अशा रचनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणारा सबस्क्रिप्शनचा सापळा आणि सतत टोचणी लावणं हे दोन्ही त्यात आहेत. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर करता येते.

बाहेर पडण्यासाठी लॉगिन मागितलं, पासवर्ड आठवत नाही आणि नवा घ्यायला फोन नंबर द्यावा लागतोय, असं असेल तर त्या पानावर वेळ घालवू नका. नावाशेजारचं बटण वापरा. तेही नसेल आणि दहा दिवस उलटून गेले असतील तर निःसंकोच ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबा. याला वजन आहे. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं गूगल मोठ्या प्रेषकांना सांगतं. ते ओलांडलं की त्यांचे सगळेच मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात, आणि कंपनीच्या विपणन विभागाला ही भाषा ताबडतोब कळते. मात्र तुम्ही खरोखर सभासद असलेल्या छोट्या संस्थेबाबत हे करू नका. तिच्या मोजक्या मेलवर चार-पाच सभासदांनी स्पॅम दाबलं तर बाकीच्यांनाही सभेची सूचना मिळणं बंद होऊ शकतं. तिथे आधी लिहून कळवा.

फिल्टर लावताना

बँकेचे प्रचाराचे मेल नकोत म्हणून बँकेचं अख्खं डोमेन ब्लॉक करणं ही नेहमी होणारी आणि महाग पडणारी चूक. ब्लॉक केलेले मेल जीमेलमध्ये स्पॅममध्ये जातात आणि ३० दिवसांनी पुसले जातात. त्यांच्याबरोबर कार्डाचं बिल, व्यवहाराची सूचना, केवायसीची मुदत हेही जातं. प्रचाराचे मेल ज्या नेमक्या पत्त्यावरून येतात तेवढाच पत्ता फिल्टरमध्ये घाला.

पाठवणारा दर वेळी पत्ता बदलत असेल तर तपशिलाचा तोच लहान बाण पुन्हा उघडा. ‘मेलिंग लिस्ट’ अशी ओळ असेल तर तिच्यापुढे या यादीचे मेल फिल्टर करण्याचा पर्याय असतो. पत्ता बदलला तरी यादीची ओळख बहुधा बदलत नाही, म्हणून हा फिल्टर टिकतो. कृती म्हणून सुरुवातीला ‘डिलीट’ निवडू नका. ‘इनबॉक्स टाळा’ आणि एखादं लेबल, ‘जाहिराती’ म्हणा, असं निवडा. महिनाभर त्या लेबलात कामाचं काही अडकलं का ते पाहा, मगच डिलीट लावा. जुन्या मेलनाही तोच नियम लावायची चौकट शेवटच्या पायरीवर असते, ती राहून जाते आणि मग फिल्टर चालतच नाही असं वाटतं.

दुसऱ्याच माणसाचे मेल येत असतील तर

नाव-आडनाव सर्रास आढळणारं असेल आणि पत्ता सुरुवातीच्या काळात घेतलेला असेल तर हा त्रास ठरलेला. कुणाचं तरी विजेचं बिल, कुणाच्या मुलाच्या शाळेचं परिपत्रक, कुणाच्या म्युच्युअल फंडाचं विवरण तुमच्याकडे येतं. पत्त्यातल्या टिंबांवरून गोंधळ वाढतो. जीमेल टिंबं मोजत नाही. नावाच्या मध्ये टिंब घातलेला आणि न घातलेला पत्ता हे एकच खातं, आणि ते तुमचंच. समोरच्या माणसाने अर्ज भरताना एखादा आकडा गाळला किंवा आपला पत्ता असाच आहे असं समजून लिहिला, इतकंच घडलेलं असतं. तुमचं खातं कुणी फोडलेलं नाही.

इथे अनसबस्क्राइबने काम होत नाही, कारण ही पत्रं खऱ्या ग्राहकाला जाणं गरजेचं आहे. ‘पासवर्ड विसरलो’ दाबून त्या माणसाच्या खात्यात शिरता येईल, पण तसं कधीही करू नका. हेतू चांगला असला तरी परवानगीवाचून दुसऱ्याच्या खात्यात जाणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेत येतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला त्याच पत्त्यावरून दोन ओळी लिहा: हा ई-मेल पत्ता तुमच्या ग्राहकाचा नाही, खात्याचे शेवटचे चार आकडे अमुक, कृपया नोंदीतून काढा आणि ग्राहकाशी दुसऱ्या मार्गाने संपर्क साधा. आलेलं विवरणपत्र सोबत जोडू नका, ती दुसऱ्याची खासगी माहिती आहे. ग्राहक सेवेकडून साचेबंद उत्तर आलं तर तेच पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. हे काम कंटाळवाणं असलं तरी करावं. त्या माणसाला पॉलिसी बंद पडण्याची सूचना मिळत नसेल, तर त्याचं होणारं नुकसान तुमच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठं आहे.

लेखी कळवणं: कुणाला आणि कसं

नको असलेल्या ई-मेलसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक मेलचा उल्लेख होता, पण ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. आज हाताशी आहेत ते २०११ चे माहिती सुरक्षेचे नियम. त्यांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो आणि तक्रार एका महिन्यात निकाली काढायची असते. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमती मागे घेण्याच्या व माहिती पुसून घेण्याच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. तोवर पत्रात २०११ च्या नियमांचा आधार घ्या.

अधिकाऱ्याचा पत्ता संकेतस्थळाच्या तळाशी ‘प्रायव्हसी पॉलिसी’च्या पानावर, बहुतेकदा शेवटच्या परिच्छेदात सापडतो. पत्र छोटं ठेवा:

“माझा ई-मेल पत्ता / मोबाइल क्रमांक / टपालाचा पत्ता: (लिहा). तुमच्याकडून येणारे प्रचाराचे संदेश मला नको आहेत. मी (तारीख) रोजी अनसबस्क्राइब केलं, त्यानंतर (तारखा) रोजी पुन्हा संदेश आले. दोन नमुने सोबत जोडले आहेत. प्रचारासाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. माझं नाव ‘पाठवू नये’ यादीत कायमचं नोंदवावं, समूहातील कंपन्यांना व तुमच्या वतीने संदेश पाठवणाऱ्या संस्थांनाही तसं कळवावं, आणि माझा पत्ता तुम्हाला कुठून मिळाला ते सांगावं. व्यवहार व खात्यासंबंधीचे आवश्यक संदेश चालू ठेवावेत.”

यातलं ‘पाठवू नये यादीत नोंदवावं’ हे वाक्य गाळू नका. बहुतेक जण ‘माझी माहिती डिलीट करा’ असं लिहितात. कंपनी नोंद पुसते, तीन महिन्यांनी दुसरीकडून घेतलेल्या यादीत तोच पत्ता येतो, आणि त्याला कुणी नाही म्हटल्याची खूण उरलेली नसल्यामुळे तो पुन्हा आत जातो. ‘पाठवू नये’ ही खूण राहिली तरच नवी यादी त्या खुणेशी पडताळून तुमचं नाव गाळलं जातं. बंद झालेले मेल काही महिन्यांनी पुन्हा सुरू होण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर समाधानकारक नसलं, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवरून लोकपालाकडे जाता येतं. बाहेरदेशी राहणाऱ्यांची बाजू याहून भक्कम आहे. अमेरिकेत व्यापारी मेल पाठवणाऱ्याने बाहेर पडण्याची विनंती दहा कामकाजाच्या दिवसांत मानायची असते आणि मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता द्यायचा असतो. युरोपीय संघात प्रचाराला हरकत घेतली की तो वापर थांबवावाच लागतो, कारणही द्यावं लागत नाही.

एसएमएस: डीएनडी असून का येतात

डीएनडी लावायला १९०९ वर फोन करा, किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस १९०९ ला पाठवा. यामुळे प्रचाराचे संदेश थांबतात, पण एखाद्या कंपनीला तुम्ही स्पष्ट संमती दिलेली असेल तर ती डीएनडीवर मात करते. दुकानात बिलासाठी सांगितलेला नंबर हा अशा संमतीचा नेहमीचा उगम. बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नका, असं ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलेलं आहे. काउंटरवर निर्धास्तपणे नाही म्हणा.

पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं. ‘पी’ म्हणजे प्रचार, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. डीएनडी फक्त ‘पी’ अडवतं. त्यामुळे ‘एस’च्या नावाखाली कर्जाची जाहिरात आली तर ती तक्रारीची बाब आहे. संदेश आल्यापासून सात दिवसांत १९०९ ला किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर तक्रार करा. संदेशाचा मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव जसंच्या तसं आणि तारीख, तिन्ही हवं. तारीख चुकली की तक्रार फेटाळली जाते. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात आली असेल तर डीएनडी लावलेलं नसलं तरी तक्रार चालते, ही सुधारणा फेब्रुवारी २०२५ ची. प्रचाराच्या संदेशातच बाहेर पडण्याची सोय देणं त्याच सुधारणेने बंधनकारक केलं. तुम्ही बाहेर पडलात की ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. पार्सल अडकलंय, वीज तोडणार, असे घाबरवणारे संदेश हा वेगळा प्रकार आहे. ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सोयीवर कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

कागदी टपाल

जाडजूड वार्षिक अहवाल येत असतील तर कंपनीला पत्र लिहून उपयोग नाही. शेअर डीमॅट खात्यात असतील तर ई-मेल पत्ता तुमच्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे ब्रोकर किंवा बँकेकडे नोंदवावा लागतो. कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे तिच्या वतीने भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था, डीमॅटमधली माहिती बदलू शकत नाही, आणि लोकांची पत्रं नेमकी त्याच्याकडेच जाऊन पडतात. कागदी प्रमाणपत्रं असतील तर उलट: तिथे रजिस्ट्रारकडे आयएसआर-१ हा फॉर्म, पॅनची प्रत जोडून. प्रत्येक फोलिओ, म्हणजे रजिस्ट्रारकडचं भागधारकाचं खातं, स्वतंत्र धरला जातो. एकाच कंपनीचे तीन फोलिओ असतील, एकात वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर, तर तिन्हींसाठी वेगळी नोंद हवी. संयुक्त धारण असेल तर पत्रव्यवहार पहिल्या नावाशी होतो, म्हणून ई-मेलही त्याच नावाचा द्या. डिसेंबर २०२४ पासून सेबीच्या नियमांनुसार ई-मेल न नोंदवलेल्या भागधारकांना अहवालाचा दुवा सांगणारं पत्र जातं, त्यामुळे अहवाल आला नाही तरी निदान एक कागद येतच राहील.

मात्र कंपनीकडून आलेलं प्रत्येक पाकीट न उघडता रद्दीत टाकू नका. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नाही तर तो आणि ते शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. त्याआधीची सूचना दिसायला इतर पत्रांसारखीच असते. निधीकडून शेअर परत मिळवता येतात, पण त्या कागदपत्रांत महिने जातात.

सभासद असलेल्या संस्थांबाबत पाठवणाऱ्याचं बंधन आधी समजून घ्या. गृहनिर्माण संस्था किंवा पतसंस्था सहकारी कायद्याखाली येते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिची सूचना सभासदाला द्यावीच लागते. ‘मला काहीही पाठवू नका’ हे तिथे मान्य होणार नाही, होऊही नये. ठेव योजनांची पत्रकं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सहलीच्या जाहिराती मात्र बंद करून घेता येतात. देणगी दिलेल्या संस्थेचंही तसंच. आर्थिक वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत करसवलतीचं प्रमाणपत्र यायचं असतं. ते हातात येईपर्यंत तिचा पत्ता ब्लॉक करू नका.

आजीव सभासदत्व घेतलेल्या साहित्यिक, व्यावसायिक किंवा माजी विद्यार्थ्यांच्या संस्थांची यादी अनेक ठिकाणी सांडलेली असते. एक प्रत कार्यालयात, एक लेबलं छापणाऱ्याकडे, एक शाखेच्या चिटणिसाकडे, आणि निवडणूक आली की मतदारयादी म्हणून सगळ्या उमेदवारांकडे. कार्यालयात नाव काढलं तरी छापणाऱ्याकडच्या फाइलमध्ये ते राहतं, आणि कार्यकारिणी बदलली की जुनीच फाइल पुन्हा वापरात येते. म्हणून पत्रात सभासद क्रमांक लिहा (तो वेष्टनावरच्या लेबलवर असतो), लेबलचं छायाचित्र जोडा, ‘अंक टपालाने नको, सभेची सूचना ई-मेलने चालेल’ असं नेमकं लिहा आणि लेबलं जिथे छापली जातात तिथेही कळवण्याची विनंती करा. पुढच्या अंकाची लेबलं बऱ्याचदा आधीच छापून झालेली असतात, तेव्हा एक-दोन अंक आणखी येतील. तिसरा आला तर स्मरणपत्र.

पोस्टमनला पाकीट परत देता येतं. ते उघडलेलं नसावं. त्यावर ‘घेण्यास नकार’ किंवा इंग्रजीत तसा शब्द, सही आणि तारीख लिहून परत करा, ते प्रेषकाकडे जातं. एकदा उघडलं की तो पर्याय संपला. हा उपाय फक्त साध्या टपालासाठी. स्पीड पोस्टने आलेलं, बँक, न्यायालय, वकील किंवा सरकारी कार्यालयाचं पाकीट कधीही नाकारू नका. नाकारलेली कायदेशीर नोटीस बजावली गेली असंच धरलं जातं, आणि आत काय होतं ते मात्र तुम्हाला कळत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं असल्याने पूर्वी रजिस्टरने यायच्या त्या नोटिसाही आता याच पाकिटांतून येतात.

घरातली व्यक्ती गेल्यानंतर तिच्या नावाने येणारी पत्रं हा सगळ्यात क्लेशकारक भाग. इथेही दोन ढीग करा. नियतकालिकं, दुकानं, देणगी मागणाऱ्या संस्था यांना लेबलवरचा क्रमांक आणि निधनाची तारीख कळवली की पुरतं. मृत्यूचा दाखला मागितला तरी त्यांना देण्याची गरज नसते. बँक, विमा, शेअर, म्युच्युअल फंड, पतसंस्था यांची पत्रं थांबवण्याची घाई करू नका. किमान एक वर्षाची गोळा करून ठेवा, कारण कोणाकडे काय होतं याचा तोच पुरावा असतो आणि वारसांना माहीत नसलेला फोलिओ बऱ्याचदा अशा पत्रातूनच सापडतो. दाखल्याची प्रत जिथे द्यावी लागेल तिथे तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त अमुक खात्याच्या वारस नोंदीसाठी’, खाली सही आणि तारीख. वारस नोंद पूर्ण झाली की जुन्या नावाचा पत्रव्यवहार त्या खात्यापुरता आपोआप थांबतो. तरीही येत राहिला तर त्याच कंपनीत दुसरा फोलिओ आहे का ते आधी विचारा.